दोन बोटं

एकतीस वर्षं मी बसल्या जागेवरून माणसं चढवली.
वाल्पराईसोच्या कड्याला टेकलेला लाकडी डबा
तारेवर वर जातो, तारेवर खाली येतो,
आणि मी स्टुलावर, दांड्यावर हात,
दांड्याच्या आणि माझ्या मध्ये माझं पोट.
दरवर्षी स्टूल बोटभर मागे सरकवत गेलो.
यंदा पाठीला भिंत लागली.

एदेल्मिरा म्हणायची, नोल्बेर्तो,
हे पोट नव्हे, ठेवीचं खातं आहे.
खोटं नव्हतं.
सकाळचा पाव, संध्याकाळच्या चहाबरोबरचा पाव,
त्यावर कुस्करलेला अवोकाडो, त्यावर मीठ, मग आणखी एक पाव,
शनिवारचे तळलेले एम्पानादे,
दोनदा थकलेल्या पगाराचा गिळलेला राग,
बापाची होडी भावानं परस्पर विकली, ते.
सगळं पोटात घातलं.
पोटाला कुठं कळतं
काय पचवायचं आणि काय नुसतं साठवायचं.

मार्चमध्ये मियारायचे डोळे पिवळे झाले.

डॉक्टर ओयार्सून बाई म्हणाल्या, रक्तगट जुळतो.
मग सोनोग्राफीचा पडदा त्यांनी माझ्याकडे वळवला.
"हे तुमचं यकृत. पांढुरकं दिसतंय ना, ती चरबी.
असलं मी कुणालाच लावू शकत नाही.
चार महिने आहेत. कदाचित तीन."

काळजाचा तुकडा म्हणत वाढवलेली पोर,
आणि तिला द्यायची वेळ आली तेव्हा
माझ्याकडे धड एक तुकडा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्याच डब्यातून घरी गेलो नाही.
शेजारून पायऱ्या जातात. दोनशे चौदा.
एकतीस वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या.
पहिल्या दिवशी साठाव्या पायरीवर
एका कुत्र्याशेजारी बसलो. कुत्रा उठून गेला.
वरून लिसांद्रो ओरडला, "पाठवू का डबा?"
बोलायला दम नव्हता. हातानंच नको म्हटलं.

पाव बंद. बिअर बंद.
उकडलेला मासा, मसूर, लिंबू, पुन्हा मसूर.
भुकेल्या पोटात कावळे ओरडतात म्हणे.
आमच्या किनाऱ्यावर कावळे नाहीत,
माझ्या पोटात सीगल ओरडायचे, रात्री दोनला, थव्यानं.
एदेल्मिरानं पाव शेजारणीकडे लपवला.
मला भिंतीपलीकडून वास यायचा.

एका रात्री हरलो.
शेजारणीच्या दारात उभ्या उभ्या, अंधारात,
अर्धा पाव खाल्ला, कोरडा, रडत.
दुसऱ्या दिवशी पायऱ्या दोनदा चढलो.
ती शिक्षा होती की माफी, ते अजून ठरवलेलं नाही.

मेमध्ये कुत्रा माझ्यासोबत चढू लागला.
जूनमध्ये पायऱ्यांवर शेवाळ, थंड वारा, घसरलो,
गुडघा फुटला, पोट नाही.
पोट होतं तिथंच होतं,
खेचरासारखं, चारी पाय रोवून.

जुलैत एदेल्मिरानं शिवणाची टेप गुंडाळली.
पुन्हा गुंडाळली. श्वास सोड म्हणाली. सोडला होता.
दोन बोटं.
शंभराहून जास्त दिवस आणि दोन बोटं.

मान खाली घालून दवाखान्यात गेलो.
शर्ट वर करायचीही लाज वाटली.
बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या,
थंडगार जेलवरून ते यंत्र फिरवत, थांबत, परत फिरवत.
मग म्हणाल्या, "आतलं आधी जातं.
बाहेरचं सगळ्यात शेवटी.
काहींचं जातच नाही."
पडद्यावर जिथे पांढुरकं होतं
तिथे ओल्या मातीचा रंग होता.

आज पहाटे त्यांनी निळ्या पेनानं
बरगडीखालून रेघ ओढली, लांब, जराशी वाकडी,
कारण मधे पोट येत होतं.
"हलू नका," म्हणाल्या.
हसू आलं, रेघ आणखी हलली.

पलीकडच्या खाटेवरून मियारायनं विचारलं,
"पापा, काही खाल्लंत का?"
उपाशी ठेवलंय, म्हटलं.
दोघांनाही.