तीन उंबर आणि एक अंगठा

तीन पानं. तिन्ही उंबराच्याच कुळातली,
ओंडो गावाबाहेरच्या एकाच ओढ्याकाठची.
पहिलं जाड, गुळगुळीत, दुसऱ्याच्या खोडावर चढून
त्यालाच आवळणाऱ्या झाडाचं.
दुसरं रुंद, कोवळेपणी तांबूस.
तिसरं एपिन.
एपिन मला डोळे मिटूनही कळतं.
आमच्या घरी ते पोत्यानं यायचं.

ब्लेडनं काप घेते, इतका पातळ
की श्वास सोडला तर उडावा.
सॅफ्रानिनच्या थेंबात बुडवते,
काचेवर काच ठेवते तिरकी, सावकाश,
बुडबुडा अडकू न देता.
बाबा फातोकी दारातून विचारतात, लाइट?
नाही. सकाळपासून नाही.
मग आरसा खिडकीकडे वळवते
आणि अंगणातलं ऊन नळीतून वर येतं.

गुळगुळीत पानाला वरून तीन थरांची त्वचा,
पत्र्यावर पत्रा टाकून शाकारलेल्या दुकानासारखी.
एपिनला एकच थर,
आणि त्यातून उगवलेले आखूड, ताठ केस,
काचेचे असावेत तसे, टोकाशी किंचित वाकलेले.
पण तिन्हींत, इकडेतिकडे, एखादी फुगीर पेशी,
तिच्या आत बारीक देठाला टांगलेला चुन्याचा खडा.
कशासाठी, ते पुस्तकातही धड लिहिलेलं नाही.
नातं तिथं कळतं. तोंडावळ्यावरून नाही.

माझे वडील सुतार.
दारं, खुर्च्या, पाळणे, शवपेट्या,
सगळ्यांवर शेवटचा हात वाळलेल्या एपिनचा.
सँडपेपर भांडतो लाकडाशी, ते म्हणायचे,
एपिन समजूत घालतं.
चाळीस वर्षं त्यांनी समजूत घातली.

गेल्या महिन्यात बँकेत
लहानशा काळ्या यंत्रावर अंगठा टेकवला.
पुन्हा लावा.
पुसून लावा. थोडा ओला करा. दुसरा लावा.
दहाही बोटं झाली.
टेबलापलीकडचा मुलगा, माझ्याहून लहान,
ओशाळून म्हणाला, बाबा, इथे काहीच नाहीये.
वडिलांनी हात उलटा केला, सुलटा केला,
चुकून कुणा दुसऱ्याचा उचलून आणल्यासारखा.
परतताना बसमध्ये म्हणाले,
यंत्र नवं आहे. सवय नाही त्याला अजून.

आज शनिवार. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच.
पानाच्या खालच्या अंगाला मी नेलपॉलिश लावते,
वाळलं की पापुद्रा सोलून घेते.
पर्णरंध्रांचा साचा उतरतो त्यात,
मिटलेल्या, अर्धवट उघडलेल्या ओठांचा.
त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग अंगठा पुढे केला.
गुलाबीच होतं माझ्याकडे.
"मोजिराडे, तुझ्या आईला सांगू नकोस."

पापुद्रा काचेवर ठेवला.
आधी नुसतं धुकं.
मग स्क्रू फिरवता फिरवता
वळणं दिसू लागली, बुटकी, झिजलेली,
गवत वाढून बुजलेल्या पायवाटांसारखी.
आणि वाटांच्या माथ्यावर, ठरावीक अंतरानं,
घामाची छिद्रं. एकही बुजलेलं नाही.
वहीत तीन रकाने होते. मी चौथा आखला.

"दिसतंय का काही?"
"थांबा. मोजतेय."
सेहेचाळीसपर्यंत आले होते
तेवढ्यात लाइट आली,
डोक्यावरचा पंखा धडधडत फिरला
आणि पापुद्रा उडाला.

मी टेबलाखाली शोधलं, स्टुलाखाली शोधलं,
टॉर्च लावला. राखाडी फरशीवर
नखाएवढं गुलाबी काहीतरी, आणि दिसेना.
वडील गुडघ्यांवर बसले.
डोळे भलतीकडेच लावून,
रंधा मारलेली फळी तपासावी तसा
त्यांनी फरशीवर हात फिरवला,
एकदा जाताना, एकदा येताना.
आणि थांबले.
"इथे आहे."