येण्याचं कारण

विश्रामबागच्या कॉलेजातून तू आलीस,
सहा आठवड्यांचं ट्रेनिंग,
काळी पँट, छातीवर पट्टी : ऋजुता आवटी.
मी म्हटलं, बस. स्टूल डुगडुगतं,
डाव्या अंगाला भार टाक.

तुझ्या पुस्तकात फ्रंट ऑफिस म्हणजे
संगमरवरी काउंटर आणि मागं पाच घड्याळं,
लंडनचं, टोकियोचं.
आपलं एकच. तेही सात मिनिटं पुढं.
मीच ठेवलंय.
कोल्हापूरची पॅसेंजर गाठणाऱ्याला बरं पडतं,
ओपीडीचा नंबर लावणाऱ्यालाही.

मिरजेत सीझन नसतो, पोरी.
इथं मजेनं कोण येतं?
अथणीहून येतात, रायबागहून, जतहून,
काखेत एक्स-रेचा लखोटा,
पिशवीत आठवडाभर पुरतील अशा कडक भाकऱ्या.
आधी विचारतात, दवाखाना किती लांब,
भाडं त्यानंतर.
तू सांग, चालत चार मिनिटं.
रात्री पळत दोन लागतात,
ते सांगू नकोस.

रजिस्टरचा हा रकाना बघ : येण्याचं कारण.
बावीस वर्षं मी बघतोय,
दवाखाना, खाली दोन टिंबं, खाली दोन टिंबं,
पान उलटलं की पुन्हा दवाखाना.
एका म्हाताऱ्यानं एकदा लिहिलं होतं, ‘मुलगी’.
तेवढंच.
तो गेला तेव्हा मी ड्युटीवर नव्हतो.

हाउसकीपिंग मेहरूनबीकडं शीक.
चादर बघून ती सांगते कोण झोपलं, कोण नाही.
‘दोनशे तीनची बाई बाकावरच बसून होती रातभर,
उशीला खळगाच नाही.’
तरी चादर बदलते.
तू विचारलंस, न वापरलेली का धुवायची?
ती म्हणाली, आज तरी झोपेल की.

ऑक्युपन्सीचं सूत्र तू मला पाठ म्हणून दाखवलंस,
भरलेल्या भागिले एकूण गुणिले शंभर.
शेट रोज रात्री सांगलीहून फोनवर हेच विचारतात.
चौदाच्या चौदा भरल्या म्हटलं की खूश.
मीही खूश, माझा पगार त्यातच आहे.
पण शंभर टक्के म्हणजे
चौदा खाटा तिकडंही भरलेल्या,
हे गणित तुमच्या पुस्तकात आहे का,
मला माहीत नाही.

परवा एकशे सातची लगमव्वा
सकाळी सातला जिन्याशी आली.
तिचा माणूस पहाटे गेला होता.
कागद व्हायला वेळ, गाडी यायला वेळ.
तिनं पैसे नाही मागितले, सूटही नाही,
भिंतीकडं बोट करून एवढंच विचारलं,
‘हन्नोंदू?’
अकरापर्यंत खोली आपली ना?
तू म्हणालीस, हौदु.
तेवढं कानडी तुला इथंच आलेलं.

अकराला बबलू दारं वाजवत फिरतो.
त्याला हेच घड्याळ कळतं.
मी बँकेतून परत आलो तर
तू डुगडुगत्या स्टुलावर उभी,
काचेचं झाकण उघडं,
आणि काटा दहावर.

मी काही बोललो नाही.
दोनशे एकच्या पाहुण्याची गाडी चुकली,
त्यानं मला आईवरून शिवी दिली. खाल्ली.
लगमव्वा खाली आली तेव्हा
खरे साडेबारा झाले होते,
तिनं किल्ली पदराला पुसून दिली.

आज तुझा अहवाल भरायला बसलोय.
टापटीप : नऊ. भाषा : आठ.
पाहुण्यांशी वागणूक : इथं दहाच्या पुढं जागा नाही.
वक्तशीरपणा,
इथं पेन थांबलंय.
कॉलेजच्या माणसाला काय लिहू मी?

थांब, रिक्षा लागली बघ दारात.
दोघं आहेत. लखोटा आहे.
पाणी दे आधी.
रजिस्टर मागनं.