वाहन क्रमांक: पायी

दसऱ्यानंतरच्या मंगळवारी जिनिंगच्या काट्यावरचा कॉम्प्युटर गेला.
आधी सुतारपक्ष्यासारखा टकटकला,
मग निळा पडला, मग काहीच नाही.
सकाळी सहाला ट्रॉल्या लागणार होत्या, पार नाल्याच्या पुलापर्यंत.

नव्या विंडोजचे पैसे शेठ देणार नव्हते.
शेवटच्या बसनं पुलगाववरून निखाड्यांचा तेजस आला,
खिशात पेनड्राइव्ह, डब्यात भाकर नि ठेचा.
गोदामात पडलेल्या जुन्या डब्यावर त्यानं लिनक्स चढवलं.
फुकटचं आहे, म्हणाला, पण वाईट नाही.

आता काट्याचा प्रोग्राम.
तो विंडोजसाठी लिहिलेला, वर्ध्याच्या कडू सरांनी,
दोन हजार चारच्या उन्हाळ्यात, इथंच, कूलरसमोर बसून.
सरांचा नंबर लावला की हल्ली
हिंगणघाटचा कुणी चहावाला उचलतो.
सीडी मात्र सापडली, शेठच्या देव्हाऱ्यात,
लक्ष्मीपूजनाच्या वह्यांखाली, हळद लागलेली.

"आधी वाईन टाकतो," तेजस म्हणाला.
दाराशी बसलेले सोनबा मेश्राम उठून आत आले.
"बावा, वर्धा जिल्हा हाये हा. दारूबंदी हाये. हळू बोल."
"प्याची नाई काका. दुभाषी हाये थे."

दुभाषी म्हटलं की मला आई दिसते.
सरकारी दवाखान्यात फरशी पुसायची ती.
पोडावरून कोलाम बाई आली
की फडकं बादलीत टाकून डॉक्टरच्या टेबलापाशी उभी.
तिकडून कोलामी, इकडून मराठी,
मधे आई, ओल्या हातांची.
बाईला वाटायचं, डॉक्टर आपल्याच पोडावरचा.
डॉक्टरला वाटायचं, बाई आपल्या लातूरची.
आईकडे कुणी बघत नसे.
पगार शेवटपर्यंत फरशीचाच निघाला.

प्रोग्राम उठला, आणि उठल्या उठल्या सी ड्राइव्ह मागू लागला.
इथं कुठला सी?
तेजसनं एक साधं फोल्डर केलं, त्याला सी म्हटलं.
प्रोग्राम आत जाऊन बसला, पाय पसरून, काही विचारलं नाही.
पण कापूस, सरकी, ढेप, सगळ्यांच्या जागी नुसते चौकोन,
कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यांसारखे.
सीडीवरून फॉन्ट ओढला. चौकोनांना काने फुटले, मात्रा फुटल्या.
ढेपेचा ढ सगळ्यात उशिरा आला.

राहिली काट्याची वायर.
साडेअकरा झाले. वजन करायला एक बैलबंडीसुद्धा नाही.
"तुम्ही जा उभे," तेजस मला म्हणाला.
गेलो. प्लेटवर चढताना चपला काढल्या,
का, ते माहीत नाही.
लोखंड अजून दिवसाचं कोमट होतं.

"आलं का?"
खिडकीतून बराच वेळ काही नाही. मग,
"साठ टन!"
सोनबा कपाळाला हात लावून, "बाप्पा! खातं काय बे तू?"

काटा आकडे उलटे पाठवत होता, शेपटाकडून.
कडू सरांना हे ठाऊक होतं.
सेटिंगच्या तळाशी त्यांनी एक चौकट ठेवली होती: उलटं वाच.
तेजसनं बरोबरची खूण केली.
साठ किलो.

तरी पावती निघेना. वाहन क्रमांक टाकल्याशिवाय
प्रोग्राम पुढं सरकत नाही, विंडोजवरही सरकत नसे.
तेजसनं लिहिलं: पायी.
माल? कापूस, सरकी, ढेप, इतर.
इतर.

प्रिंटर करकरला. खिडकीतून हात आला.
दिव्याखाली धरून वाचलं,
तारीख, वेळ, साठ, आणि सगळ्यात खाली,
वीस वर्षं प्रत्येक पावतीवर असते ती सरांची ओळ:
काटा रिकामा करा देवा, मागं गाडी उभी आहे.

वळून पाहिलं.
मागं सोनबा उभे होते,
चपला काढून.