उभ्या गाडीचा वारा

गाडी पळते तोवर एसी थंड,
हे कोणीही सांगेल.
वणीच्या रस्त्यावर पन्नासच्या वेगात
वारा फुकटात येऊन जाळीवर आदळतो.
पण कोळशाची गाडी पळते किती?
आठातले सहा तास काट्याच्या लाइनीत,
पुढच्याच्या डाल्याला नाक लावून.
आणि मे महिन्यात इथं सकाळी नऊलाच
स्टेअरिंग फडक्यानं धरावं लागतं.

मालक म्हणाले, गॅस भर.
भरला. दोनदा.
दोन्ही वेळा चार दिवस बरं वाटलं,
नवस बोलल्यावर वाटतं तसं.

मग इस्राईलभाईनं समोरची जाळी उतरवली.
त्याच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं;
उरलेलं कोणत्या पंख्यात गेलं, सांगत नाही.
कंडेन्सरच्या फटीत कोळशाची भुकटी,
पाखरांचे पंख, एक अख्खा नाकतोडा.
त्याच्यामागं पंखा. एकच. भाकरीएवढा.
दोन पाती तुटलेली.
"हा तुले थंडं करून राहिला होता?"
भाई हसला नाही.
पंख्याचं वाईट वाटलं असावं त्याला.

नागपूरहून नवे दोन आले,
परातीएवढे, चोवीस व्होल्टचे,
खोक्यात शेजारी शेजारी झोपलेले.
जंगूनं खोकं मांडीवर घेतलं, उतरूच देईना.
भाईनं जुनी वायर उपटून फेकली.
"बारीक वायरीवर एवढे पंखे
म्हणजे सुतळीनं म्हैस बांधनं."
नवी वायर, नवा फ्यूज, वेगळा रिले.
चहा तीनदा आला. मी फक्त टॉर्च धरला
आणि एकदा शिव्या खाल्ल्या.

चालू केले.
आवाज असा की टपरीवरचे उठून आले.
आणि केबिनमध्ये? भट्टी.
भाईनं माझ्या खिशातली काट्याची पावती ओढली,
जाळीसमोर धरली.
पावती उडाली ती थेट पऱ्हाटीच्या ढिगावर.
"उलटे फिरून राहिले बे. थांब."
दोन टोकं इकडची तिकडं.
पुन्हा पावती.
या वेळी ती जाळीला चिकटली,
भिंतीला पाल चिकटते तशी,
हात सोडला तरी.
भाई तिच्याकडं किती वेळ पाहत राहिला.
पैसे मागायलाही विसरला.
(मग आठवलं त्याला.)

दुसऱ्या दिवशी लाइनीत एकशे बारावा नंबर.
बारा वाजले. एक वाजला.
मी घामाची वाट पाहत बसलो,
पाहुणा यायचाच आहे अशा भरवशानं.
आला नाही. गुडघे गार पडले.
जंगू माझा टॉवेल पांघरून झोपला,
भरदुपारी, सत्तेचाळीस डिग्रीत.

काचेवर टकटक. मागच्या गाडीचा धनपाल मेश्राम.
"दोन मिनिटं बसू दे गड्या."
त्याच्यामागं आणखी दोघं.
बाहेर असते तर काट्यावाल्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या.
आत कोणी बोललंच नाही.
सगळे हात त्या झडपेसमोर धरून,
थंडीत शेकोटीभोवती बसतात तसे,
फक्त उलटे.

लघवीला उतरलो
तेव्हा गाडीखालून झोत आला,
चपलेतून पोटरीपर्यंत चटका.
ऊन गेलं कुठंच नव्हतं.
आम्ही त्याला नुसतं खाली उतरवलं होतं.
रोज आमच्या इंजिनाच्या सावलीत पडणारं
ते लाल, एका कानाचं कुत्रं
जागेवर नव्हतं.

भाईला फोन केला. तो म्हणाला,
"हवा कुठं तरी जाईनच ना बापा,
मी काय ते घरी घेऊन जाऊ?"

लाइन एक गाडी सरकली.
मेश्राम उतरला, आपल्या गाडीकडं पळाला.
त्याच्या गाडीला एसी नाही.
तिच्याखाली वाकून त्यानं हाड्, हाड् केलं,
मग नुसताच हॉर्न दिला,
कुत्रं उठेस्तोवर थांबला.