पाणी चालू राहिलंय

किनवटच्या पुढं सागाचं रान लागलं
तशी शरयूनं गाडीची काच खाली केली.
"अप्पा, ऐकू येतंय?"
येत होतं. मी नाही म्हणालो.
बत्तीस वर्षं लातुरात पाणी सोडलं मी,
आवाजावरनं सांगायचो, पाइप किती इंची,
गळती कुठल्या जोडाला.
हा आवाज कुठल्याच इंचात बसेना.

फाटकावर वनखात्याची पावती. माणशी तीस,
तंबूचे दोनशे, गाडीचे वेगळे.
पाटीवर लिहिलेलं : साबण लावू नये. कड्याजवळ जाऊ नये.
मोठ्यानं बोलू नये.
मोठ्यानं बोलल्याशिवाय इथं ऐकू काय जाणार,
हे पाटी रंगवणाऱ्याला कुणी विचारलं नसावं.

तंबू म्हणजे छत्रीचीच थोरली बहीण.
शरयूनं काड्या जोडल्या, मी दोऱ्या ताणल्या;
गाठी मात्र माझ्या,
गळक्या जोडाला सुतळी गुंडाळतात तशा.
मग धपाटे, शेंगाची चटणी,
आणि बाटलीतलं उरलेलं पाणी
मी झाकणानं मोजून प्यालो
धबधब्याकडं तोंड करून.
पोरगी बघत होती. काही बोलली नाही.

कसं पडत होतं म्हणून सांगू?
दहाव्या दिवशी नळाला पाणी आल्यावर
आख्खी गल्ली एकदम बोलायला लागते ना,
घागरी, मोटारी, पोरं, शिव्या,
तसं.
फक्त कुणाचा नंबर नाही,
कुणाची बादली पुढं सरकलेली नाही.

तीनला जाग आली.
जूनमध्ये चावी ऑफिसात जमा केली,
रजिस्टरला सही केली.
हात जमा करून घेत नाहीत तिथं.
तंबूत उताणा पडून ऐकत राहिलो :
कुणाचा तरी व्हॉल्व्ह उघडा राहिलाय,
टाकी उतरत चाललीय,
वरच्या गल्लीला उद्या थेंब जायचा नाही.
उठलो. चप्पल सापडली नाही, तसाच गेलो.

ओल्या दगडावर हात फिरवताना
सुगराबी आठवली, तांबोळ्यांची.
एका उन्हाळ्यात चेंबरच्या झाकणावर बसून राहिली,
"मेरे पाच मिनट बाकी हैं, अप्पा."
मी घड्याळ दाखवलं.
घड्याळ बरोबर होतं.

मागनं बॅटरीचा उजेड पडला. वनमजूर, जंगू कनाके.
ओरडला नाही. जवळ येऊन बसला, तंबाखू मळायला लागला.
"काय हरवलं?"
"काही नाही. बंद कुठनं होतं, बघत होतो."
त्यानं चिमूट दाढेखाली ठेवली.
"मार्चात या ना. इथं नुसता ओला डाग राहते.
माझं प्यायचं पाणी मी सायकलवर आणतो,
तिकडल्या हापशीचं."
"म्हणजे ह्यालाही पाणीपाळी आहे तर."
"आहे ना."
"सोडतं कोण?"
तो हसला तेवढ्यात पाण्यानं त्याचं हसू नेलं,
दात तेवढे दिसले.
"भेटला तर सांगतो. तुमच्या खात्यातला असंल."

मग आम्ही दोघं बसून राहिलो.
बेडूक मध्येच थांबायचे, सगळे मिळून,
आणि पुन्हा कुणीतरी एक सुरू करायचा.
माझा उजवा हात मांडीवर
आपोआप पाव आटा फिरला,
उघडायच्या बाजूला.

उजाडताना शरयू शोधत आली,
केस मोकळे, हातात माझी चप्पल.
"कधीपासून बसलाय?"
"साडेतीन. एकही तक्रार नाही आली."

निघताना डिकीतला वीस लिटरचा कॅन काढला,
कुंडाच्या काठाला तिरका धरला.
भरायला एवढासाच वेळ लागला.
"अप्पा, घरी आरो आहे, हे कशाला?"
झाकण आवळलं. पुन्हा एकदा आवळलं.
म्हणालो,
पाच मिनिटांचं आहे.