सुधारलेल्या कामगिरीबाबत चौकशी

वारंगीच्या मैदानावर सहाव्या शर्यतीची धूळ
अजून खाली बसली नव्हती,
निलगिरीवरचे गुलाबी काकाकुवे अजून ओरडत होते,
आणि साल्टबुश पाच लांबींनी जिंकला होता.
साल्टबुश!
अकरा शर्यतींत पहिल्या सहांतही न दिसलेला,
भाव एकाला चाळीस.

म्हणून पत्र्याच्या खोलीत आम्ही तिघे पंच,
पंख्याखाली फडफडणारी नियमांची पोथी,
आणि खुर्चीच्या काठावर ट्रेनर कोरली हॅनिगन,
टोपी मांडीवर.

"काय बदललं?" मी विचारलं.
"सगळं कळवलं होतं, बाई. मुदतीच्या आत."
खरंच होतं. कागदावर सही माझीच:
डोळ्यांना झापडं, प्रथमच. जीभ बांधणार, प्रथमच.
खुरं हळवी म्हणून घातलेले पोलादी नाल जाऊन
आता ॲल्युमिनियमचे.
त्यातला एक मी तळव्यावर तोलून पाहिला,
माझ्या किल्ल्यांच्या जुडग्याएवढा भरला.

सुई टोचली असती तर सोपं होतं.
नमुना शहरात जातो, बाटलीवर लाख,
तीन आठवड्यांनी उत्तर.
फडक्याची पट्टी कुठल्या बाटलीत भरायची?
ती घोड्याच्या अंगात काही घालत नाही,
जिभेनं मागे सरकून श्वासाचं दार लोटू नये
एवढंच बघते.
झापडं तर उलट काढूनच घेतात:
डावीकडचा घोडा, उजवीकडचा घोडा,
खांबाची सावली, गर्दीतली छत्री.
उरतो समोरचा गवताचा तुकडा.
कमी दाखवून जास्त पळवणं,
याला बळ वाढवणं म्हणायचं का?
पोथी गप्प.

दुसऱ्या आलेल्या घोडीचा मालक, इवो पेट्रिच,
दारातूनच ओरडला,
"माझी उघड्या डोळ्यांनी धावली!"
म्हटलं, झापडं तुम्हालाही मिळतात, दुकान तेच.
"तिला लागत नाहीत," तो म्हणाला,
"तोच तर तिचा गुण. तोच आज फुकट गेला."
यावर मी पाणी प्यायले.

नॉर्मन टेट तोवर जुने निकाल उलटत होता.
त्याचं बोलणं नेहमी कागदाकडे बघूनच:
हे जनावर अकरा वेळा गुदमरत धावलं.
अन्याय शोधायचाच तर
तिथे शोधा.

"जीभ मागे जाते हे कधी कळलं?"
कोरली टोपीची शिवण चाचपत राहिली.
"डॉक्टर मागच्या महिन्यात येऊन गेली."
"त्याआधी आवाज आला नाही? घोरल्यासारखा, वळणावर?"
"आवाज सगळेच करतात, बाई.
चौदा घोडी, आणि आम्ही दोघं. मी आणि एक पोरगा."

खरं असेल.
किंवा उत्तेजक एकच होतं, वाट पाहणं:
भाव चाळीसवर चढेपर्यंत
पट्टी खुंटीला टांगून ठेवायची.
पट्टी कायदेशीर.
खुंटीही कायदेशीर.

मी लिहिलं: खुलासा नोंदवून घेतला. पुढील कारवाई नाही.
पेट्रिचनं दार आपटलं नाही, हळूच लावलं.
ते जास्त लागलं.

बाहेर पोरगा साल्टबुशला धूत होता.
जिभेवर पट्टीचा जांभळा वळ,
त्याच जिभेनं घोडा पोराच्या मनगटावरचं मीठ चाटत होता.
कुंपणावर झापडांची टोपी वाळत पडली होती.
हातात घेतली. कड घामानं काळी पडलेली,
कापड मऊ, त्याच कपाळाच्या घडीचं.
सकाळच्या सरावात घातली असेल.
किती सकाळी, ते कोणी लिहून ठेवत नाही.
तेही नियमात बसतं.

उन्हासाठी मी छत्री उघडली
आणि घोडा दचकून दोन पावलं मागे सरला,
डोळे सताड,
जणू एवढं मोठं जग
आत्ताच कुणी त्याच्या अंगावर फेकलं.
"ती मिटा ना, बाई," पोरगा म्हणाला.
मी मिटली.