कौशल्ये : इतर

वेइयो हक्कारायनेन, वय सत्तावन्न.
टोपी गुडघ्यावर ठेवून बसला आहे माझ्यासमोर,
टोपीवरचा बर्फ वितळून
सरकारी फरशीवर टिपटिपतोय.
"पुसू का?" तो विचारतो.
राहू द्या, म्हणते मी, त्याला माणूस आहे.
(तो माणूसही आमच्याच योजनेतला,
सहा महिन्यांचा. हे सांगत नाही.)

स्क्रीनवर चौकट : कौशल्ये. यादीतून निवडा.
"एकतीस वर्षं तीन नंबरच्या मशीनवर होतो."
म्हणजे नेमकं काय करत होतात?
"ऐकत होतो."

ओला कागद, आठ मीटर रुंद,
सायीहून पातळ,
ताशी नव्वद किलोमीटरने पळणारा.
तो तुटायच्या दोन श्वास आधी
मशीनचा सूर किंचित उतरतो.
"काट्याला मागाहून कळायचं.
मला आधी."

यादीत 'ऐकणे' आहे,
पण ते ग्राहकांचं.
मी 'इतर'वर टिचकी मारते.

कागदगिरणी बंद पडून दोन हिवाळे झाले.
धूर थांबला तेव्हा
हौकियोकी गावाला पहिल्यांदा स्वतःचा वास आला :
नदी, भिजलेलं लाकूड,
कुणाच्या तरी घरी करपलेली काळी पावरोटी.
मग हेलसिंकीहून पत्रक आलं.
बायोडेटा कसा लिहावा, दोन दिवस, चहासकट.
नोकरी देणाऱ्याला अर्धा पगार सरकारकडून,
दहा महिने.
आणि चर्चच्या हॉलमध्ये लुटुपुटूची मुलाखत.

मुलाखत घेणारी सव्वीस वर्षांची.
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
"नदीवर," वेइयो म्हणाला, "गळ टाकून."
हॉल हसला.
तिने लिहिलं : प्रेरणा कमी.
तो शेरा त्याने वाचलाच नाही,
कागद अंगठ्याखाली चोळला फक्त.
"ऐंशी ग्रॅम. आपला नाही."

वृद्धाश्रमात मदतनीस हवे होते.
त्याने दोन्ही पंजे माझ्या टेबलावर मांडले,
डाव्याचं एक बोट अर्धंच.
"या हातांनी?"
नकार दिलात तर भत्ता थांबेल, साठ दिवस.
हे वाक्य मला पाठ आहे,
ते मी खिडकीकडे बघून म्हणते.
त्याने सही केली.
टोपी विसरून गेला, परत आला,
परत येऊनही काही बोलला नाही.

मार्चमध्ये आश्रमाच्या मेट्रनचा फोन.
तक्रार असणार म्हणून मी पेन घेतलं.
रात्रपाळीला त्याने नर्सला उठवलं म्हणे,
सात नंबरची खोली, लेम्पीबाई, एक्याण्णव.
बोटावरचं यंत्र सांगत होतं, सगळं ठीक.
हा दारात उभा :
"ठीक नाही. सूर उतरलाय."
नर्स वैतागून आत गेली
आणि धावतच बाहेर आली.
लेम्पीबाई आता उठून बसतात,
लापशीत मीठ कमी म्हणून भांडतात.
"आधी काय करायचा हो हा?" मेट्रनने विचारलं.
कागद, म्हटलं.
"नाही, खरंच."

दहा महिने मेअखेरीस संपतात.
मुदतवाढीचा अर्ज मीच भरते आहे,
जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून.
पुन्हा तीच चौकट.
'इतर'साठी शंभर अक्षरं.
मी लिहिते : तुटायच्या आधी ऐकू येतं.
मागे येऊन वाचते.
बरीच अक्षरं उरलीत,
आणि त्यांत काय घालावं
ते सुचत नाही.